कडुनिंब पोकळ नव्हता

लकडगंजातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला कडुनिंब आतून पोकळ झाला आहे, वादळात तो तारांवर पडेल, असं मी घरोघर सांगत फिरलो. ते खोटं होतं. मला खिडकीबाहेर कूलर बसवायचा होता, आणि निंबाचा पाला त्याच्या जाळीत अडकला असता. ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. गल्लीतला पहिला कूलर माझाच.

त्या झाडाखाली बाज टाकून माझे वडील आणि त्यांचे एक मित्र उन्हाळ्याच्या दुपारी काढत. मित्र कापडगिरणीतून निवृत्त झालेले, एकटेच, समोरच्या टिनाच्या खोलीत राहणारे. मी त्यांना काका म्हणायचो. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा आणि तोंडी एकमेकांची थट्टा. मे महिन्यात टिनाखाली बसवत नसे. काकांची दुपार त्या झाडाच्या सावलीवरच निभायची.

होळीच्या आधी झाडाला आरा लागला. खोड आरपार भरीव निघालं. सगळी गल्ली पाहत होती. काकाच बोलले, "तुह्या डोक्यापेक्षा तं भरीव निघालं गा हे!"

लोक हसले. वडील हसले नाहीत.

त्या वर्षी गल्ली वेगळीच तापली. दिवेलागणीलाही भिंतीला हात लावला की चटका बसे. कावळे चोच उघडी टाकून तारांवर बसत, पण ओरडत नसत.

वडील काकांना आमच्या कूलरच्या खोलीत बोलावू लागले. आत माझी बायको, तान्हं मूल, आम्ही दोघं. एका दुपारी काका उंबऱ्यात असतानाच मी वडिलांना म्हणालो, "बाबा, माणसं वाढली की खोली दमट होते. मग कूलर काय कामाचा?"

काका तिथूनच फिरले. "मी बसाले नाही आलो गा. हे तुह्यं यंत्र किती बोंबलते, थे पाहाले आलो होतो."

"थांब गड्या, मीच येतो तुह्याकडे," वडील उठले.

"टिनात काहून भाजून घेतं? झोप चूपचाप."

काका पुन्हा आले नाहीत. लूच्या गरम झळा वाढल्या तसं मी वडिलांनाही बाहेर जाऊ देईना. एके दिवशी भर दुपारी ते दाराशी जाऊन म्हणाले, "त्याचा आवाज नाही आज. पाहून येऊ दे मले."

"संध्याकाळी जा, बाबा. ऊन लागेल," म्हणत मी कडी लावली.

संध्याकाळी दोघं गेलो. काका खाटेवर होते. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही. वडिलांनी हाका मारल्या, त्यांनी ओळखलं नाही. रिक्षातून इस्पितळात नेलं, पण तिथून ते परतले नाहीत.

मातीला जमलेल्या लोकांत, "वय झालं होतं," हे पहिल्यांदा मी म्हणालो. मग सगळेच तसं म्हणू लागले. माझ्याकडे न पाहता वडील म्हणाले, "त्याच्याहून मोठा तं मी आहो."

आज मी वडिलांच्या त्या वयाच्याही पुढे आलो आहे. स्मशानघाटावर कोणी "वय झालं होतं" म्हटलं की विचारतो, छप्पर कशाचं होतं? दुपारी बसायला बाहेर सावली होती का? ऊन आता फाल्गुनातच चावायला लागतं, आणि हे विचारण्याचे प्रसंग वाढत चालले आहेत.