आमचे फौजदार सासरेबुवा

ठाणे जिल्ह्यात माझ्या सासऱ्यांना न भिणारा चोर नव्हता, आणि त्यांच्या घरची भाकरी न खाल्लेला चोरही नव्हता. चोर पकडला की चौकीवर नेण्याआधी ते त्याला घरी आणत, ओटीवर बसवत आणि सासूबाईंना आत हाक देऊन ताट वाढायला सांगत. सासूबाई कपाळाला हात लावत, पण वाढत. मी एकदा धीर करून कारण विचारले, तर म्हणाले, "जावईबापू, उपाशी माणूस खोटं बोलतो. पोट भरलं की तो खरं तरी बोलतो, नाहीतर झोपतो. दोन्हीत आपली सोय."

फौजदार होण्याआधी ते पलटणीत होते आणि आफ्रिकेत हबसाणच्या स्वारीवर जाऊन आले होते. त्या स्वारीचा एक बिल्ला आणि घाटातले दरोडेखोर धरल्याबद्दल सरकारने दिलेला दुसरा, असे दोन बिल्ले त्यांच्या कोटावर कायम असत. कोट अंगावर घातल्याशिवाय ते भाजी आणायलाही जात नसत. लढाईची हकीकत ऐकायला ठाण्यातली मंडळी संध्याकाळी ओटीवर जमत. पण सासरेबुवांची हकीकत खेचरापासून सुरू होई. ते खेचर कसे होते, कशाला बुजे, कोणत्या चढावर अडून बसले आणि यांनी त्याच्या कानात काय सांगितल्यावर उठले, हे सगळे रंगात येऊन सांगता सांगता दिवेलागणीची वेळ होई. कुणी लढाईचे विचारलेच, तर ती घटकाभरात आटपली म्हणत आणि पुन्हा खेचराकडे वळत. माणसे मारल्याची गोष्ट त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकली नाही.

घरीही त्यांचे जेवण उभ्याने, कारण पलटणीला हुकूम कधी सुटेल याचा नेम नसतो. रविवारी स्वयंपाकघरातल्या भांड्यांची तपासणी, आणि पोचा आलेले तपेले रांगेतून बाहेर. भीती मात्र त्यांना एकाच गोष्टीची होती, ती पाण्याची. जहाजातून हबसाणला जाताना पोटात जे ढवळले, ते पुढे जन्मभर थांबले नाही. एकदा चोरून दारू नेणाऱ्या एका कोळ्याच्या मागे ते कोलशेतच्या खाडीत होडीतून निघाले. मधल्या पाण्यात पोहोचेपर्यंत फौजदार होडीच्या काठावर वाकून ओकत होते आणि पुढची होडी दिसेनाशी व्हायला आली होती. तेवढ्यात त्या कोळ्याने मागे वळून पाहिले आणि होडी फिरवली. जवळ येऊन त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाला, "डोले मिटू नका फौजदार. किनाऱ्याव नजर ठेवा." सासरेबुवांनी पाणी पिऊन तोंड पुसले आणि त्याला पकडले. साहेबापुढे मात्र घडले तसे सगळे सांगितले, आरोपी आपण होऊन परत आला हेही. त्यामुळे त्या कोळ्याला शिक्षा थोडकीच झाली, आणि सुटून आल्यावर तो सासूबाईंना सुके बोंबील आणून देऊ लागला.

मग प्लेग आला. मी तेव्हा कल्याणच्या शाळेत मास्तर होतो. घरोघर तपासणी करून आजारी माणसाला गावाबाहेरच्या झोपड्यांत हलवायचे, असा हुकूम होता, आणि कल्याणच्या पथकावर नेमणूक झाली ती सासरेबुवांची. लोक आजाऱ्यांना माळ्यावर लपवत, गवताखाली झाकत. सासरेबुवा उंबऱ्याबाहेर बूट काढत, शिपायांना अंगणात थांबवत आणि आतल्या बाईला वहिनी म्हणून हाक मारत. तिच्या माणसाजवळ आपण स्वतः चालू, असे सांगत आणि चालतही. तरी बायका मागून शिव्याशाप देत. ते खाली मान घालून ऐकून घेत.

एके सकाळी आमच्या मंडळीला, म्हणजे त्यांच्या लेकीला, ताप भरला आणि दुपारपर्यंत काखेत गाठ आली. सासूबाई त्या वेळी आमच्याकडेच होत्या. आपल्या माणसाचे पथक आहे, ते आपले दार सोडून पुढे जाईल, अशी आम्हा दोघांचीही खात्री होती. सासरेबुवा आले. नेहमीसारखे बूट काढून आत आले, लेकीच्या अंगाला हात लावला आणि तसेच उभे राहिले. सासूबाईंनी त्यांचा कोट धरला. पोटच्या पोरीला कोण तिथे टाकतो, असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

"काल मी दुसऱ्याच्या लेकी नेल्या," ते हळूच म्हणाले. "आज माझी ठेवली, तर उद्या कुणाच्या दारात उभा राहू?"

डोली बाहेर तयार होती. तिच्याकडे न पाहता त्यांनी लेकीला घोंगडीत गुंडाळून दोन्ही हातांवर उचलले आणि भर बाजारातून चालत निघाले. लोक दारादारात उभे राहून पाहत होते. त्या दिवशी कुणी शिवी दिली नाही.

दिवसभर तपासणी करून ते झोपडीत जात आणि तिच्याजवळ बसत. मला मात्र दारापर्यंतच जाऊ देत. ती तापात बरळे, बाबा, मला इथे का आणलंत, असे विचारे, आणि ते पेजेचा चमचा तिच्या ओठाशी धरून बसत. शेजारच्या खाटेवरची माणसे जात होती. आमची मंडळी वाचली. का वाचली, हे डॉक्टरलाही सांगता आले नाही.

सासूबाई त्यानंतर वर्षभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढत, पाणी ठेवत, पण शब्द नाही. सासरेबुवांनीही एका शब्दाने समजूत घातली नाही. फक्त ते आता बसून जेवू लागले, सासूबाईंच्या समोर. एके दिवशी सासूबाईंनी न विचारता आणखी भात वाढला आणि म्हणाल्या, "खा. वाळलात."

नोकरी संपल्यावर दोघेही कल्याणला आमच्याकडे येऊन राहिले. थकलेल्या सासरेबुवांच्या डोक्याला आमची मंडळी दुपारी तेल लावी. अशाच एका दुपारी तिने इतकी वर्षे मनात ठेवलेले विचारले, "बाबा, मी तिथून परत आले नसते तर?"

ते अंगणाकडे बघत म्हणाले, "मग मी तरी कुठला आलो असतो, बायो."

वाटीतले तेल केव्हाच संपले होते, तरी तिचा हात त्यांच्या पांढऱ्या केसांवरून फिरत राहिला.