तीन गाठींची बाटली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. सांगायला बसले की आधी आवर्त सारणीतल्या पहिल्या गटाचंच बोलत राहते — लिथियम, सोडियम, पोटॅशियम. गटात खाली जावं तसा अणू मोठा होतो, बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल पडतो, पाण्यात टाकलेला धातू जास्त भडकतो. वर्गात हे मी डोळे मिटून सांगते. पण मुद्दा तो नाही.

राळेगावकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी नुकतीच लागले होते. कापसाची वाईट वर्षं होती. घरात एक पगार येत असला तर त्याच्यावर सगळं घर तगायचं. आमच्या प्रयोगशाळेतले शिपाई देवरावभाऊ त्यातलेच — कित्येक वर्षं तात्पुरते, कायम होण्याचा प्रस्ताव नुकताच पुढे गेलेला. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे. म्हणून रॉकेलात ठेवलेल्या धातूंच्या बाटल्यांना ते सुती धागा बांधत. लिथियमला एक गाठ, सोडियमला दोन, पोटॅशियमला तीन. जो जास्त भडकतो, त्याला जास्त गाठी. भिंतीवरचा तक्ता न वाचता, नुसतं बघून त्यांनी क्रम लावला होता. मला त्याचं कौतुक होतं — खरंच होतं.

त्या दिवशी सोडियमचा तुकडा पाण्यावर सुरसुरत फिरला, मुली टाळ्या वाजवायला लागल्या आणि मला चेव चढला. त्यांना चकित करायचं म्हणून हळूच पोटॅशियम मागितलं. देवरावभाऊंनी बाटली दिली, वर तुकडा बारीक घ्या म्हणाले. शिपायानं मला शिकवावं? मी सोडियमएवढाच, चांगला हरभऱ्याएवढा कापला.

मोठा आवाज झाला. पुढच्या बाकावरच्या मुलीची भुवई आणि पापणी भाजली. डोळा वाचला, पण ते नंतर कळलं. देवरावभाऊ तिला नळाकडे घेऊन धावले, मागोमाग सगळा वर्ग. मी एकटी उरले. तेव्हा मी काय केलं? तिन्ही बाटल्यांचे धागे सोडले आणि पर्समध्ये टाकले.

प्राचार्य आले. मी म्हटलं — सोडियम मागितलं होतं, यांना इंग्रजी येत नाही.

"तीन गाठीवालीच मांगतली होती मॅडमनं," म्हणत देवरावभाऊंनी दाखवायला बाटली उचलली. ती फिरवून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. बाटली परत जागेवर ठेवली.

आठवड्यात त्यांना काढलं. मला भीती वाटत होती का? होती. त्यांना वाटत नसेल?

दोन वर्षांनी ते बस स्टँडवर दिसले. कापसाच्या जिनिंग कारखान्यात रोजीनं जात होते. मी मान खाली घालून सटकणार, तर त्यांनीच हाक मारली. आधी त्या मुलीच्या डोळ्याचं विचारलं. मग म्हणाले, "मॅडम, आता बाटल्यायले गाठी कोण बांधते?"

मी बांधते, म्हटलं. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

मी कधीच बांधल्या नाहीत.