गाणाऱ्या बाईने मोजायचं नसतं

माझी वहिनी जॅझ संगीतात पदवीधर आहे. हे मी कुठेही सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "म्हणजे नक्की करते काय?" आणि माझा चेहरा बघून विषय बदलतो. बदलावाच. मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचा राग मुकाट्याने ऐकून घ्यायचा हेच माझं काम, त्यामुळे माझा स्वतःचा राग साठत जातो. वहिनीच्या पदवीबाबतचा तर अजून निम्माही निघालेला नाही.

वहिनी संथ आहे. आमच्या घरात हा शब्द तिच्याबाबतीत शिवीसारखाच वापरला गेला. दादा मालवाहतूक कंपनीत गाड्या सोडतो. कुठली गाडी कधी निघाली, का अडली, हेच त्याच्या डोक्यात चोवीस तास, आणि घरी आल्यावर आम्ही सगळे त्याच्या गाड्या. "आटप." "निघ." "अजून तिथेच?" वहिनी यावर कधी चिडली नाही आणि कधी आटपलीही नाही. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काच घासून फ्रेममध्ये बसवायची, मग गिऱ्हाइकाच्या कानामागे दांडी टेकवून बघायची, काढायची, किंचित वाकवायची, पुन्हा टेकवायची. घाईतली माणसं सुद्धा तिच्यासमोर गप्प बसून राहायची, कारण तिने बसवलेला चष्मा नाकावरून घसरत नसे.

दुकानाच्या म्हाताऱ्या मालकांना जॅझचं वेड. दिवसभर मागच्या खोलीत तबकड्या फिरत असायच्या आणि काचा घासता घासता वहिनी गुणगुणायची. एकदा मालक म्हणाले, "हे असं नाकातल्या नाकात किती वर्षं गाणार? रीतसर शीक." एवढंच. ही बाई प्रवेशपरीक्षा देऊन आली, पास झाली, मालकांकडून अर्ध्या दिवसाची पाळी मागून घेतली आणि मग एका रात्री जेवताना आम्हाला सांगितलं. तेव्हा तिची चाळिशी जवळ आली होती.

दादाने हातातला घास ताटात परत ठेवला. "चष्मे पुसता पुसता हे काय डोक्यात शिरलं तुझ्या?"

"दुकान काही वर्षांत बंद होणार आहे," वहिनी म्हणाली. "मुलांच्या संगीतशाळेत गाणं शिकवायला माणूस हवं असतं. पण पदवी लागते."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी वहिनीला भाजी वाढली. आमच्या घरात पक्ष असाच जाहीर होतो.

जॅझ म्हणजे मनाला येईल तसं वाजवायचं, त्यात शिकायचं काय, असं मलाही वाटायचं. पण तिची पुस्तकं बघून मला घाम फुटला. स्वरसंगतीचे तक्ते, कानाच्या परीक्षा, दुसऱ्याने वाजवलेलं ऐकून जसंच्या तसं कागदावर उतरवणं. वहिनी भांडी घासताना कानात इअरफोन घालून एकच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायची आणि साबणाच्या बोटाने ओट्यावर खुणा करायची. या सगळ्यात ती पास होत गेली. चांगल्या गुणांनी होत गेली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती कॉलेजातल्या सरावाच्या खोलीबद्दल.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती तिची विसरलेली छत्री द्यायला. तळघरातली बुटकी खोली, भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा खरबरीत स्पंज, ड्रमच्या एका पायाला चिकटपट्टी गुंडाळलेली, खिडकी नाहीच. पियानोवर एक मुलगा. हुशार, देखणा, आणि आपण तसे आहोत याची पुरेपूर कल्पना असलेला. मी त्याचं नाव सुसाट ठेवलं. ड्रमवर एक किडकिडीत मुलगी. आणि कोपऱ्यात डबल बास घेऊन एक धिप्पाड मुलगा. डबल बास म्हणजे माणसाएवढं व्हायोलिन, उभ्यानेच वाजवायचं. हा बासवाला बोलायचा फार कमी, पण वहिनी गात असली की तिच्या तोंडाकडे बघत वाजवायचा. वहिनीला हे सगळे काकू म्हणायचे.

आता एक गोष्ट सांगते, ती कळली तर पुढचं सगळं कळेल. गाणं सुरू होण्याआधी कोणीतरी एकजण तोंडाने मोजतो: एक, दोन, एक-दोन-तीन-चार. तो ज्या वेगाने मोजेल त्या वेगाने गाणं चालतं. म्हणजे मोजणारा मालक, बाकीचे त्याच्या मागे. आणि त्या विभागात असा शिरस्ता होता की गाणाऱ्या बाईने मोजायचं नाही. का नाही? तर गाणाऱ्यांना फक्त गळा असतो, संगीत वादकांना कळतं. हे असं कोणी तोंडावर म्हणत नसे. "आज तीन वादक आहेत आणि एक काकू," असं म्हणून हसायचे. वहिनीही हसायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटच्या वर्षाच्या मैफलीसाठी, जिच्यावर पदवी ठरते, वहिनीने तीन गाणी निवडली. दोन चपळ, एक संथ. त्या संथ गाण्यात एक बाई रिकाम्या घराच्या खिडक्या एकेक करून लावून घेते, एवढंच आहे. वहिनीने ते घरी मला बिनसाथीचं गाऊन दाखवलं तेव्हा दोन ओळींच्या मध्ये इतकी जागा होती की मला पुढची खिडकी दिसायची. मला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही, पण मी रडले.

सुसाटने तेच गाणं तळघरात मोजलं तेव्हा सगळ्या खिडक्या वाऱ्याने धडाधड आपटल्या.

"थोडं हळू घेशील?" वहिनी म्हणाली.

"काकू, याहून हळू घेतलं तर लोक घोरतील."

"मी मोजू का?"

तो खरोखर चकित झाला. "तुम्ही? नको, तुम्ही गाण्याकडे लक्ष द्या. बाकीचं आमच्यावर सोडा."

वहिनी विभागप्रमुखांकडे गेली. हे गृहस्थ खोलीतही टोपी घालून बसत. ते गोड बोलले. गोड बोलणाऱ्यांचा मला खिडकीवरचा अनुभव दांडगा आहे, गोड बोलणारा साहेब काम कधी करत नाही. "बाई, ऐन परीक्षेत नसता धोका कशाला पत्करता? तो मुलगा आमचा हिरा आहे. त्याच्या हातात हात द्या आणि निर्धास्त गा."

परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकून पहिल्या रांगेत बसले. दादाला वेळ नव्हता. पहिली दोन गाणी झकास झाली. तिसऱ्याला वहिनी वळली, तिने बोट उचललं, तोंड उघडलं, तेवढ्यात पियानोकडून आलंच: एक, दोन, एक-दोन-तीन-चार. तोच वेग. उलट चढाच.

सुरुवातीचा तुकडा संपला आणि तिने गायला सुरुवात करायची जागा आली. वहिनी गायली नाही. चुकली असेल म्हणून त्यांनी तुकडा पुन्हा वाजवला. वहिनी माइकसमोर हात खाली सोडून उभी. तिसऱ्यांदा वाजवला. सुसाट तिच्याकडे बघून डोळे मोठे करायला लागला. शेवटी वाद्यं एकेक करून थांबली आणि सभागृहात अशी शांतता पसरली की कोणीतरी शिंकलं ते सुद्धा अपराधासारखं. मग वहिनीने मोजलं. हळू, चुटकी वाजवत, दोन आकड्यांच्या मध्ये श्वास घेण्याइतकी जागा ठेवून. आणि गायली. काय गायली!

नापास केलं तिला. मैफल मध्येच थांबली तर ते गाणं बाद, असा नियम निघाला. शेरा काय, तर साथीदारांशी जुळवून घेता येत नाही. अहो, चार वर्षं दुसरं केलं काय तिने? पन्नाशीकडे झुकलेल्या परीक्षकांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की साथीदारांनी जुळवून घ्यायचं असतं की नाही. साथ कोण कोणाची करतं, हे मला सुद्धा कळतं!

टोपीवाल्यांनी मात्र मेहेरबानी केली. महिन्याभरात फेरपरीक्षा, फक्त ते एक गाणं. "या वेळी त्याला मोजू द्या आणि गाऊन मोकळ्या व्हा. पाच मिनिटांचं तर काम."

रात्री दादा म्हणाला, "बरोबर बोलतायत ते. एकदाचं उरकून टाक ना. त्यांच्या पद्धतीने गा, कागद हातात घे आणि मग घरी काय हवं ते गा. दुकान बंद व्हायला आलंय, शाळेची जागा कोणी तुझ्यासाठी धरून ठेवणार नाही."

मला वाटलं वहिनी नेहमीसारखी गप्प बसेल. पण तिने चमचा खाली ठेवला. "लग्न झाल्यापासून तू मोजतोयस," ती दादाला म्हणाली. "मी चाललेच ना? हे एक गाणं मला माझ्या चालीने हवंय."

दादा उठून हात धुवायला गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. पाणी वाया जातंय हे सांगायचं मी त्या दिवशी टाळलं.

फेरपरीक्षेला सभागृहात जेमतेम दहा माणसं, त्यात बाहेरून बोलावलेल्या एक परीक्षक बाई. सुसाटने वहिनीकडे न बघताच मोजायला सुरुवात केली. वेग तोच, भरधाव. तुकडा संपला, जागा आली. या वेळी वहिनीने गायला सुरुवात केली. अगदी वेळेवर.

पण तिच्या वेगाने. बरोबर निम्म्या वेगाने. ते तिघे धावत होते आणि ही त्यांच्यामधून चालत होती. पहिल्या ओळीला सगळं बिघडलं. पियानोचे सूर पुढे निघून गेले, हिचा सूर मागे लोंबकळत राहिला, आणि आता ही पडणार असं वाटून मी डोळे मिटले. मग खालच्या सुरांत काहीतरी सावकाश झालं. बासवाला वहिनीच्या तोंडाकडे बघत होता. त्याने एकेक सूर दुप्पट वेळ धरून ठेवायला सुरुवात केली. पुढच्या ओळीला ड्रमवालीने काठ्या ठेवून मऊ कुंचे उचलले. आता पुढे धावत होता तो एकटा सुसाट, आणि तो हे गाणं सोडून कुठे निघालाय असं सगळ्यांना दिसायला लागलं. त्याला मागे फिरावं लागलं. मान खाली घालून तो वहिनीच्या लयीत आला. गाणं एकदाही थांबलं नव्हतं. कुठलाही नियम मोडला नव्हता. शेवटची खिडकी तिने इतक्या हळू लावली की त्यानंतर कोणाला खोकायचंही सुचेना.

नंतर मी विचारलं, त्या बासवाल्याशी आधी ठरवलं होतंस का? "छे," ती म्हणाली. "तो ऐकतो एवढं मला माहीत होतं."

तर गाणं संपलं आणि टोपीवाले आनंदाने उभे राहिले. कोणाकडे बघून? पियानोकडे! "शाब्बास रे! काय सुरेख खाली आणलीस लय! बाईंना केवढा आधार दिलास!"

आणि त्या मुलाने मान लववली. लववली! नाही म्हणाला नाही, वहिनीकडे बोट केलं नाही, शाबासकी घेऊन मोकळा झाला. मी खुर्चीतून उठलेच होते, आणि मी तोंड उघडलं असतं तर त्या इमारतीत मला पुन्हा कोणी घेतलं नसतं. पण माइक चालू होता, आणि वहिनी त्यापाशीच उभी होती.

"सर, लय मी आणली."

"हो हो, सगळ्यांनी मिळूनच..."

"सगळ्यांनी नाही. मी आणली. बासने ऐकलं, मग ड्रमने. हा सगळ्यांत शेवटी आला."

टोपीवाले हसले. "बाई, आम्ही गुण अजून लिहिलेले नाहीत बरं का."

म्हणजे धमकीच की! हसून दिलेली, पण धमकीच. चार वर्षं, नोकरी, सगळं त्या टेबलावरच्या पेनाच्या टोकावर. ती मागे सरली असती तर मी तिला शब्दाने दुखावलं नसतं.

वहिनी जागची हलली नाही. "लिहा ना," ती म्हणाली, "फक्त कोणाचे लिहिताय ते आधी ठरवा."

काठावर पास केलं तिला. पासापुरते गुण, वर एक मेहेरबानीचा नाही. साथीचं बक्षीस त्या वर्षी सुसाटला मिळालं, हे काय वेगळं सांगायला हवं? वहिनीला मुलांच्या शाळेतली जागा मिळाली आणि महिन्याभरात चष्म्याच्या दुकानाला कुलूप लागलं.

मध्यंतरी टोपीवाल्यांचा फोन आला. मी शेजारीच बसले होते. विभागाच्या कार्यक्रमाला बडे पाहुणे येणार होते, बाहेरच्या परीक्षक बाईंना ते खिडक्यांचं गाणं अजून आठवत होतं, तेव्हा वहिनीने यावं आणि ते गावं. काळजी करण्यासारखं काही नाही, लय वगैरे सगळं सुसाट सांभाळेल.

वहिनीने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग गायलाही त्यालाच सांगा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.