खंडेनवमीची फ्लॉपी

परभणीत कॉम्प्युटरचा क्लास निघाला तेव्हा मी पिंगळीहून सकाळच्या पॅसेंजरनं यायचे. वडील रेल्वेत गँगमन. उन्हातान्हात रुळावर घण मारणारा माणूस. पोरीनं पंख्याखाली बसून काम करावं एवढीच त्यांची इच्छा. सरांनी सांगून ठेवलं होतं, दिवाळीनंतरच्या परीक्षेत ज्याचा प्रोग्राम आधी चालेल त्याला इथंच शिकवायला ठेवीन. मला ती जागा हवी होती. दुसरं काही तेव्हा सुचतच नव्हतं.

आम्ही सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकत होतो. तिचा कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणारा प्रोग्राम, एका काळ्या, लवलवत्या फ्लॉपीवर होता. क्लासभर ती एकच. ती घातली की स्क्रीन उघडायची; तिथंच लिहायचं, तिथंच चालवून बघायचं. चुकलं की कंपायलर ओळ दाखवायचा, इथं चुकलंय म्हणून. टोमणा नाही, आडनाव विचारणं नाही. बाहेर विद्यापीठाच्या नामांतरावरून ओळखीची माणसं तोंड फिरवून जायला लागली होती. माझ्याशी इतकं सरळ तोवर कुणी वागलंच नव्हतं.

फ्लॉपीच्या वेष्टनाला एक लांबट खाच असते, तिच्यातून आतली चकती उघडी दिसते. तिथं बोट लागलं तर सर खेकसायचे. चपला बाहेर, हात धुऊन आत, असा सगळा सोवळ्याचा थाट.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. मॉनिटरला झेंडूच्या माळा, कीबोर्डवर अक्षता. सरांच्या बायकोनं ओल्या बोटानं सगळ्याला हळदीकुंकू लावलं, अगदी पंख्याच्या बटणालासुद्धा. "हिच्यावरच तर सगळं चालतंय," म्हणत सरांनी फ्लॉपी पाकिटातून काढून पाटावर ठेवली. बाईंचं बोट नेमकं खाचेवर टेकलं. सगळ्यांनी बघितलं. आमच्या घरात पूजा नसते, म्हणून मी हात न जोडता दाराशी उभी होते. तेही सगळ्यांनी बघितलं.

दसऱ्याला मी आईवडिलांबरोबर विहारात गेले. सुट्टीनंतर क्लास उघडला तर फ्लॉपी वाचलीच जाईना. मशीन नुसतं खरखर करायचं. सरांनी विचारलं, "पूजेच्या आधी शेवटी कोण बसलं व्हतं?"

मी बसले होते.

"सर, खाचेत कुंकू हाय बघा," मी म्हटलं.

"म्हंजे पूजेनं खराब झाली म्हणायलीस? तुमच्या लोकायला आमची पूजाच खुपायली."

 शेजारी बसणारी, डब्यातलं लोणचं आधी मला वाढणारी माझी मैत्रीणही बोलली नाही. 

नांदेडहून नवी फ्लॉपी आली. "तू आता वहीतच कर," सर म्हणाले. बाकीचे मशीनवर बसायचे आणि मी मागच्या बाकावर कागदावर प्रोग्राम लिहायचे. कागद काही सांगत नाही. बरोबर लिहिलं तरी गप्प, चुकलं तरी गप्प. परीक्षेत मशीन मिळालं. प्रोग्राम टाइप केला आणि चुकांची रांग लागली. एक दुरुस्त करावी तर खाली दुसरी निघायची. वेळ संपली म्हणून मला उठवलं तेव्हाही कंपायलर बिचारा कुठं चुकलंय ते सांगतच होता. जागा मैत्रिणीला मिळाली.

घरी वडिलांनी विचारलं, "जमलं का बाई?" मी नाही म्हणून मान हलवली. "बरं," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. ते रागावले असते तर परवडलं असतं. त्यांच्या त्या "बरं"नं माझ्यातलं काहीतरी कायमचं विझलं.

पुढच्या दसऱ्यानंतर मैत्रीण परभणीच्या स्टेशनवर भेटली. यंदाही पूजा झाली आणि फ्लॉपी परत खराब झाली, असं ती सहज बोलून गेली.

"मग? सर काय म्हणले?"

"म्हणले, आजकाल फ्लॉप्याच हलक्या यायल्यात."

"औंदा क्लासात आमच्यातलं कुणी हाय का?"

गाडी येते त्या बाजूला ती वळली. मग म्हणाली, "न्हाई."