प्रेरणेसाठी उन्हात उभा केलेला बैल

शिंगांना लावायच्या हिंगुळाचा वास आला, की राजुरीच्या पोळ्याला आलेला तो डिझायनर आठवतो आणि तोंड कडू होतं. पुण्यात तो म्हणे रोजच्या जगण्यातून प्रेरणा कशी घ्यायची ते शिकवायचा. चुलत्यांनी सकाळपासून खपून बैल सजवला होता. शिंगांना हिंगूळ आणि बेगड, अंगावर गेरूचे ठसे, पाठीवर झूल. "पावणं, उरका लवकर, मिरवणूक निघाली," ते म्हणाले. "एकच स्केच," म्हणून यानं बैलाला उन्हात उभं केलं आणि स्वतः मोबाइलमध्ये मान घातली. ढोल-ताशा दारावरून मारुतीकडे गेला, तरी पाहुण्याचं मन मोडायचं नाही म्हणून चुलते कासरा धरून थांबले. वर्षातून एकदा मिळणारा बैलाचा मान गेला. मी मागून डोकावले, तर हा मोबाइलवरच्या कुठल्याशा राजस्थानी बैलाची नक्कल करत होता, आरशांच्या झुलीसकट. चुलत्यांनीही ते पाहिलं. "राव, मोबाइलातलाच बैल काढायचा व्हता, तर माझा कशाला उन्हात तापवला?" परवा एका लग्नात कापडी पिशवी मिळाली. तिच्यावर तोच आरशांचा बैल, आणि खाली 'राजुरीच्या मातीतून'. कापड मात्र जाड आहे. गोठ्यात शेण पुसायला बरं पडतं.