भिकनआबांचा हात आणि आमचं काळं बॉनेट

भिकनआबांबद्दल लिहायचं, तर आधी कबूल करते. चार वर्षं मी जळत होते, ती त्यांच्या हाताखालच्या गाडीवर. गाडी माझ्या धाकट्या जावेची, कोकिळाची. जळगावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिची गाडी आमच्या गाडीपेक्षा दोन वर्षांनी जुनी, पण बघावं तेव्हा कालच शोरूममधून आणल्यासारखी.

आबा मूळचे पारोळ्याकडचे, साठीला आलेले. सायकलला दोन बादल्या अडकवून सकाळी सहाला येतात. मी गॅलरीत जपाला बसते, पण लक्ष खाली. माळ कुठवर आली ते रोज विसरते. देव क्षमा करो.

आबा आधी नुसतं पाणी सोडतात. धूळ वाहून जाईपर्यंत गाडीला हात लावत नाहीत. मग एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं दर वेळी साध्या पाण्यात खळबळूनच पुन्हा शाम्पूत. टपापासून खाली येत जायचं. चाकांचं फडकं वेगळं, सोवळं-ओवळं पाळावं तसं. शेवटी मऊ टॉवेलनं टिपायचं, कारण आमच्या बोअरचं पाणी सुकलं की पांढरे ठिपके उमटतात. एका गाडीला एक तास. आमची गाडी मात्र हे रविवारी कोरडीच झटकायचे.

यंदा नणंदेच्या, पुष्पाबाईंच्या स्वप्नीलचं लग्न पारोळ्याला ठरलं. नणंद म्हणाल्या, "नवरदेव मामाच्या गाडीत बसेल. कोणत्या, ते तुम्ही दोघी ठरवा."

ठरवायचं काय त्यात? थोरली मामी मी. मान माझा. पण कोकिळाची गाडी दिसली की मी आमच्या गाडीकडे बघायचंच टाळायचे.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी खाली जाऊन आबांना म्हटलं, "आज आधी आमची करा."

"अक्का, एक गाडी हातमा धरी तर एकच," आबा म्हणाले. "साबण सुकी गया तर डाग पडस. हाई पुसीसन येस."

कोकिळाची पुसून होईपर्यंत धीर मला कुठला? आमच्या काळ्या बॉनेटवर दसऱ्याला काढलेल्या हळदी-कुंकवाच्या स्वस्तिकाचा डाग होता, धुऊन जात नव्हता. मला वाटलं, पितळेचे देव ज्या पावडरीनं उजळतात, तिनं गाडी का उजळू नये? पावडर घेतली, काथ्या घेतला आणि देवाचं नाव घेत घासलं. डाग गेला. पाणी ओतलं, तर तिथं ताटाएवढी जागा पांढुरकी, आंधळ्या काचेसारखी. ऊन पडलं तशा गोल गोल रेघा चमकल्या. मी काथ्या पदराआड लपवला.

कोकिळा बाहेर आली. "ताई, आंघोळ झाली. आता नैवेद्यपण दाखवा गाडीला!"

आबा हसले नाहीत. त्यांनी आधी तिच्या गाडीचा शेवटचा थेंब टिपला. तेवढा वेळ मी उभी जळत होते. मग ते आले आणि रेघांवरून हळूच नख फिरवलं.

"नख अडकत नही. वरनाच थर घासाई गया शे. गाडी सावलीमा घ्या."

दुपार टळेपर्यंत ते त्या ताटाएवढ्या जागेशी बसले. मऊ फडक्यावर थेंबभर पॉलिश, हलका हात, पुसायचं, वाकून बघायचं, पुन्हा. संध्याकाळी उरली ती पुसटशी झाक. मला वाटलं, जिंकले.

लग्नाच्या सकाळी स्वप्नील फुलवाल्याला घेऊन आला. दोन्ही गाड्या दारात उभ्या. स्वप्नील म्हणाला, "मोठ्या मामीची घेऊ. काळ्यावर झेंडू उठून दिसेल."

फुलवाल्याला झाक दिसली. "हार इथंच चिकटवतो अक्का, काही दिसणार नाही." त्यानं चिकटपट्टी दातांनी तोडलीसुद्धा.

कोकिळाची गाडी पुसणारे आबा तिथूनच म्हणाले, "अक्का, तठे पट्टी नका लावू. रंग पातळ व्हई गया शे. उपटताना संगे येई."

"तुम्हाला कोणी विचारलं?" मी फाडकन बोलले.

आबांचं फडकं हातात, नजर माझ्या बॉनेटवर. अख्खी दुपार त्या जागेवर घातलेला माणूस. फुलवाला पट्टी धरून थांबला होता. हार नाही लावला, तर ती झाक अख्ख्या वरातीला दिसणार. मी हो म्हटलं असतं, तर नवरदेव माझ्या गाडीत होता.

"कोकिळाची घ्या," मी म्हटलं.

कोकिळाला काय, ती पळतच किल्ली आणायला गेली.

आबांना मी दुसऱ्या दिवसापासून आमच्या गाडीचंही सांगून टाकलं. माणूस खरा आहे, यात वाद नाही.

पण पारोळ्यापर्यंत आमची गाडी तिच्या गाडीच्या मागे होती. वाटेत तिच्यावरचा झेंडू गळत होता. मी मोजला. अकरा फुलं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?