डाव्या कोपऱ्यातला म्हातारा

सिहोऱ्यात मी शाळामास्तर होतो. वर्तमानपत्रातली क्रिकेटची समीक्षा वाचून कबड्डीतलाही जाणकार झालो होतो. उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी फळ्यावर दोन्ही संघ मांडून मी आमच्या कप्तानाला सांगितलं, "लाखांदूरच्या डाव्या कोपऱ्यातला गडी म्हातारा आहे. त्याच्यावरच चढाया करा."

"गुरुजी, तो धानाच्या बांधीच्या चिखलात नांगराच्या बिथरलेल्या हेल्याचा पाय धरते. आमचा कायले सोडन?"

"मी अभ्यास केलाय."

म्हाताऱ्यानं आमचे चार गडी घोट्याला धरून पाडले. आम्ही हरलो. गावकरी कप्तानावर तुटून पडले, "घडी घडी त्याच्याकडेच काहून जाऊन राहिले होते बे?"

"माझाच अंदाज चुकला," तो म्हणाला.

मी शेजारीच उभा होतो, आणि गावकऱ्यांसोबत मान हलवत होतो.